बहिणीच्या हातची बिअर

दर गुरुवारी संध्याकाळी ओटमार डिपोल्ड आपल्या सख्ख्या बहिणीच्या बिअरघरात जायचा, शेगडीजवळच्या बाकावर बसायचा, बिअरचा मग समोर आला की एक घोट घ्यायचा आणि तोंड वाकडं करायचा.

"आज काय झालं?" शोर्श विचारायचा. शोर्श माळी. दोघं एका शाळेत शिकलेले, एकाच बाकावर म्हातारे होत चाललेले.

"पाणचट आहे."

"मागच्या गुरुवारी जड म्हणालास."

"मागच्या गुरुवारी जडच होती. आज पाणचट आहे. हिला मधलं काही जमतच नाही."

आणि एवढं बोलून तो अख्खा मग तळापर्यंत रिकामा करायचा आणि दुसरा मागवायचा.

बिअरघराचं नाव 'बगळा'. दारावर लोखंडी बगळा एका पायावर उभा, खाली रेग्निट्झ नदीकडे उतरणारा बोळ. पुढे खाणावळ, मागे अंगण, अंगणापलीकडे बिअर करायची जागा आणि तिच्या पोटात थंडगार तळघर. मोड आलेला सातू रोसल स्वतः बीच झाडाच्या लाकडाच्या धुरावर वाळवायची, त्यामुळे बोळात शिरल्या शिरल्या नाकाला धूर लागायचा आणि मग तोच धूर मगात भेटायचा. बाहेरगावचा माणूस पहिल्या घोटाला दचकतो. इथल्या, बांबेर्गच्या माणसाला त्या धुराशिवाय जेवण उतरत नाही. रोसल म्हणजे रोस्विटा, ओटमारची धाकटी बहीण. संध्याकाळी हातात सहा-सहा मग घेऊन ती टेबलांमधून फिरायची तेव्हा जागोजाग तिला हाका पडायच्या, आणि त्यातली प्रत्येक हाक ओटमारच्या कानात कुसळासारखी रुतायची.

तो स्वतः धुराडी साफ करायचा. काळा कोट, पितळी बटणं, खांद्यावर तारेचा ब्रश. धुराडीवाला रस्त्यात भेटला तर शुभ, म्हणून लोक त्याच्या बटणाला बोट लावायचे. परीक्षेला निघालेल्या मुली लावायच्या, लग्नाला निघालेले नवरे लावायचे. संध्याकाळी घरी येऊन कोट खुंटीला अडकवताना तो बायकोला म्हणायचा, "सगळ्या गावाला नशीब वाटून आलो, हेडविग. आपल्यासाठी काही उरलं का बघ."

हेडविग म्हणायची, "हात धू आधी."

खरं तर त्याला छपरांवर चढायचंच नव्हतं. डिपोल्डांच्या घरात 'बगळा' थोरल्या मुलाकडे जायचा, आजोबांच्याही आधीपासून. ओटमार थोरला. त्याने तीन वर्षं दुसऱ्या गावच्या ब्रूअरीत उमेदवारी केली, पिंपं घासली, पोती वाहिली, परीक्षा चांगल्या गुणांनी पास झाला आणि कागद घेऊन घरी आला. तोवर रोसल घरीच होती. आई लवकर गेलेली, म्हणून स्वयंपाक तिच्याकडे, आणि स्वयंपाकातून वेळ मिळाला की बाबांच्या मागे मागे तळघरात.

एका रविवारी दुपारी जेवायला बसले होते. डुकराच्या खांद्याचा भाजलेला तुकडा, वर कुरकुरीत कातडं, बाजूला बटाट्याचा गोळा. बाबांनी, म्हणजे बाप्टिस्ट डिपोल्डांनी, सुरी खाली ठेवली आणि म्हणाले, "घर, तळघर आणि सगळी भांडी रोसलच्या नावावर करतोय."

ओटमारला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "आणि मी?"

"तुला काहीही जमेल."

"का पण, बाबा? कारण तरी सांगा."

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "कोबी सरकव इकडे."

ओटमारने कोबी सरकवली, उठला आणि त्या दारातून बाहेर पडला. नऊ वर्षं तो आत आला नाही. त्या नऊ वर्षांत त्याने धुराडीवाल्याचं काम धरलं, हेडविगशी लग्न केलं, आणि नदीच्या पलीकडे एका दुसऱ्याच ठिकाणी बसून, मन मारून, दुसऱ्यांची बिअर प्यायली.

परत आला तो बाबांच्या मयताच्या जेवणाला. दफन झाल्यावर सगळे 'बगळ्या'तच जेवले, दुसरीकडे जेवणार कुठे. रोसलने त्याच्यासमोर मग ठेवला. पहिला घोट घशाखाली उतरला आणि ओटमारला दोन गोष्टी कळल्या. ही बिअर बाबांच्या बिअरपेक्षा सरस होती. आणि आपण मेलो तरी हे तोंडातून काढणार नाही.

पुढच्या गुरुवारपासून तो यायला लागला. लोकांना वाटलं भाऊ-बहिणीचं मिटलं. मिटायला ते भांडण कुठे होतं? भांडणाला दोघं लागतात. हा एकट्याच्या पोटातला विस्तव होता, आणि ओटमार दर आठवड्याला त्यावर नवं लाकूड टाकून यायचा. कुठल्याशा स्पर्धेत रोसलच्या बिअरला पदक मिळालं, वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. ओटमारने तो अंक शेगडी पेटवायला वापरला. हेडविगने बघितलं की त्याने एवढं एकच पान वेगळं काढलं, आणि ते नीट जळेपर्यंत चिमट्याने दाबून धरलं.

एकदा तर त्याची मजल फारच पुढे गेली. 'बगळ्या'चं धुराडं तपासायचं काम त्याच्याकडेच होतं. धुराड्याला काही झालेलं नव्हतं. तरी तो खाली उतरून म्हणाला, "आत भेग आहे. दुरुस्त होईपर्यंत विस्तव लावायचा नाही."

"खरंच भेग आहे?" रोसलने विचारलं.

"मी धुराडीवाला की तू?"

तिने गवंडी बोलावला. चार दिवस तिचं काम बंद पडलं. गवंड्याने वर जाऊन नुसताच गिलावा फिरवला असणार आणि खाली येऊन तिला काहीतरी सांगितलंही असणार, पण रोसलने तो विषय पुन्हा काढला नाही. ओटमारला दोन दिवस अगदी मोकळं वाटलं. तिसऱ्या दिवशी त्याला स्वतःची किळस आली, आणि त्याचाही राग त्याने तिच्यावरच काढला.

अशी वर्षं गेली. दोघांचेही केस पिकले.

मग एका ऑगस्टच्या शेवटी रोसल तळघराच्या ओल्या पायरीवरून घसरली. उजवा हात दोन ठिकाणी मोडला, कमरेलाही मार बसला. तिचा मदतनीस वसंतातच एका मोठ्या कारखान्यात गेला होता, नवा अजून मिळाला नव्हता. रोजची बिअर तळघरात महिनाभर पुरेल एवढी होती, आणि पुढची शेजारगावचा एक ओळखीचा ब्रूअर येऊन करून देणार होता. प्रश्न होता तो 'बॉक'चा. वर्षातून एकदाच व्हायची ही जड, कडक बिअर. सप्टेंबरच्या सुरुवातीला करायची, दोन महिने गारठ्यात मुरवायची आणि नोव्हेंबरात पहिलं पिंप फोडायचं. त्या दिवशी अर्धं गाव बोळात उभं राहायचं.

रोसलने हॉस्पिटलमधून ओटमारला बोलावून घेतलं. तो टोपी हातात घेऊन खाटेजवळ उभा राहिला.

"बॉक तू कर," ती म्हणाली.

ओटमारने खाटेची कड धरली. "मी?"

"दुसरं कोण आहे? घरातलं माणूस हवं. बस, मी सगळं नीट सांगते. आधी सातू..."

"मला शिकवू नकोस," ओटमार म्हणाला. "तू बाहुल्या खेळत होतीस तेव्हा मी शिकून आलोय."

रोसलने उशीवर मान टाकली. मग म्हणाली, "बरं. किल्ली स्वयंपाकघरात आहे."

त्याने कामावरून रजा काढली. घरी येऊन हेडविगला आणि शोर्शला दम भरला, "कोणापाशी अवाक्षर काढायचं नाही. लोकांना वाटू दे रोसलनेच कशीबशी केली. पिऊ दे त्यांना. दोन-दोन मग होऊ देत. 'वा, यंदासारखी कधी झाली नव्हती' असं म्हणू देत. मग मी बाकावर उभा राहीन."

"आणि नाही म्हणाले तर?" शोर्शने विचारलं.

"तू कोबी लाव जा."

ते दिवस ओटमारच्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे. पहाटे उठून तो विस्तव लावायचा, ओला सातू लाकडी फावड्याने परतायचा, धूर डोळ्यांत गेला की हसायचा. हात काहीच विसरले नव्हते. पाणी किती तापलंय ते त्याला वाफेवरून कळत होतं. हॉप्सची फुलं टाकल्यावर तांब्याच्या भांड्यातून जो कडवट, गोडसर वास उठला त्याने त्याला थेट विशीत नेऊन सोडलं. मनात मात्र सारखं एकच चालू होतं: तिच्यापेक्षा. तिच्यापेक्षा दाट, तिच्यापेक्षा कडक. धूर त्याने मुद्दाम चढता ठेवला. पिणाऱ्याला पहिल्या घोटातच कळलं पाहिजे की हा हात वेगळा आहे. बाबा वर कुठे असतील तिथे त्यांनाही कळलं पाहिजे.

त्याने कामात कुठे कसूर केली नाही. घाई केली नाही, काही सांडलं नाही, काही नासलं नाही. पिंपं भरली, तळघराचं दार लावलं आणि तो छपरांवर परत गेला. दोन महिने त्याने बिअर चाखलीसुद्धा नाही. पहिला घोट सगळ्यांबरोबर घ्यायचा होता त्याला.

नोव्हेंबरातला तो दिवस उजाडला. दुपारपासून बोळ भरला. आत भाजलेल्या डुकराच्या खांद्यांचे ट्रे निघत होते, खिमा भरलेले कांदे रश्शात डुलत होते, खिडक्यांच्या काचा वाफेने पांढऱ्या झाल्या होत्या. रोसलचा हात अजून गळ्यात बांधलेला होता, म्हणून पिंपात तोटी ठोकायला बुर्कहार्ड खाटकाने मोगरी हातात घेतली. दोन ठोक्यांत तोटी बसली, लोकांनी आरोळी ठोकली, भरलेले मग हातोहात मागे जाऊ लागले. ओटमार भिंतीला टेकून उभा होता. हेडविगने त्याच्या कोटाची बाही घट्ट धरली होती.

त्यानेही घोट घेतला.

धूर. तोंडभर धूर. तो गिळल्यावर खालून काहीतरी यायला हवं होतं, ते गोडसर, ते भाजलेल्या पावाच्या कडेसारखं, ज्याच्यासाठी माणूस दुसरा घोट घेतो. ते आलं नाही. त्याने दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला, लहान घेतला, मोठा घेतला. बिअर वाईट नव्हती. परीक्षेत पास झाली असती. धुरामागे कोणी राहत नव्हतं, एवढंच.

त्याने लोकांच्या तोंडांकडे बघायला सुरुवात केली. कोणी तोंड वाकडं केलं नाही. ते जास्त वाईट होतं. लोक प्यायले, "हं" म्हणाले, बोलण्याला लागले. हळूहळू त्यांचे मग रिकामे झाले. मग कोणीतरी वाढणाऱ्या मुलीला हळूच म्हणालं, "मला आपली रोजचीच आण." शेजारच्याने म्हटलं, "दोन आण." थोड्या वेळाने टेबलांवर बघावं तिकडे रोजची बिअर दिसायला लागली.

बुर्कहार्डला हळू बोलायची सवय नव्हती. तो खोलीच्या या टोकावरून त्या टोकाला ओरडला, "काय गं रोसल! पडलीस तेव्हा हात मोडला की जीभ?"

सगळे हसले. शोर्श त्याच्याकडे बघत होता आणि त्याचं तोंड उघडायच्या बेतात होतं. ओटमारने त्याच्या नडगीवर लाथ मारली.

रोसलने चांगला हात कमरेवर ठेवला. तिची नजर खोलीभर फिरली, क्षणभर भिंतीपाशी थांबली आणि पुढे गेली. "माझंच चुकलं, बाबांनो," ती मोठ्याने म्हणाली. "खाटेवर पडून पडून डोकं फिरलं होतं, धूर जास्त दिला. पुढच्या वर्षी भरून काढीन. आणि बुर्कहार्ड, तुझ्या त्या इस्टरच्या सॉसेजचं मी कुठे कोणाला सांगितलं?"

खोली पुन्हा हसली, या खेपेला बुर्कहार्डला. आणि झालं. संपलं. तिने एवढी मोठी नामुष्की उचलली, खांद्यावर टाकली आणि ट्रे घेऊन पुढच्या टेबलाकडे गेली. कोणाच्या डोळ्यात ती तसूभरही उतरली नाही.

ओटमारला कृतज्ञ वाटायला हवं होतं. त्याच्या मनात आलं ते वेगळंच: हेही तिलाच जमतं.

तो मागच्या अंगणात गेला आणि रिकाम्या पिंपावर बसला. थोड्या वेळाने रोसल आली, दार ओढून घेतलं.

"का बोललीस तसं?"

"मग काय बोलायचं होतं?"

"खरं बोलायचं होतं. ओटमारने वाट लावली म्हणायचं होतं. मी तुझ्या जागी असतो तर म्हणालो असतो."

"ठाऊक आहे मला," रोसल म्हणाली.

त्याने पिंपाच्या कडेवर नख ओढलं. मग म्हणाला, "बाबांना माहीत होतं. मी उगाच इतकी वर्षं... त्या माणसाला माहीत होतं की मला येत नाही."

"बाबांना काय माहीत होतं ते मला कधी कळलं नाही. ते माझ्याशी तरी कुठे बोलायचे? पंधरा वर्षं त्यांच्याबरोबर राबले, ओटमार. एकदा म्हणाले नाहीत, बरी झाली म्हणून. बिअरचा मग तोंडाला लावायचे, खाली ठेवायचे, निघून जायचे." तिने नाक पुसलं. "तू जवळपासच्या छपरांवर आलास की मात्र इथे खुर्ची काढून बसायचे. इथेच, तू बसलायस तिथे. तू या छपरावरून त्या छपरावर जायचास आणि हे मान वर करून बघत राहायचे. कामाला हाक मारली तरी उठायचे नाहीत. त्या खुर्चीचा एवढा राग होता ना मला. ते गेल्यावर आधी ती फोडून चुलीत घातली."

ओटमारने वर बघितलं. छपरं काळोखात बुडायला लागली होती.

"खोटं बोलतेस तू," तो म्हणाला. "मला बरं वाटावं म्हणून."

"तुला बरं वाटावं म्हणून मी आज एकदा खोटं बोलले. रोज बोलायला वेळ नाहीये मला," असं म्हणून ती आत गेली. आत लोक मगांसाठी खोळंबले होते.

उरलेली बॉक रोसलने फेकली नाही. ती बिअर स्वयंपाकघरात गेली. हिवाळाभर 'बगळ्या'त भाजलेलं मांस त्याच बिअरवर शिजलं, कांदे तिच्यातच मुरले, आणि तो रस्सा इतका चांगला लागायचा की लोक ताटं पावाने पुसून काढायचे. ओटमारने दोन गुरुवार दांडी मारली. तिसऱ्या गुरुवारी हेडविगने त्याला ढकलतच आणलं. तो बाकावर बसला, बटाट्याच्या गोळ्याबरोबर तो रस्सा खाल्ला आणि ताट पावाने पुसून काढलं.

जानेवारीत, बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचा सण आला. त्या दिवशी आमच्याकडे बिअरमधून वर्षभराची ताकद पिऊन घेतात. जो कमी पितो तो वर्षभर कण्हतो, असं म्हणतात. 'बगळा' सकाळपासून गजबजला होता. शेजारगावच्या ब्रूअरने करून दिलेली बिअर लोक पीत होते, आणि बोलता बोलता विषय निघालाच. बुर्कहार्ड म्हणाला, "ताकद पाहिजे तर रोसलची ती नोव्हेंबरातली बॉक प्यायला हवी होती. पिऊन ताकद यायची नाही, गिळायलाच लागायची!"

रोसल धुतलेले मग पुसत होती. ती हसली. ओटमारने तिला हसताना बघितलं आणि त्याच्याने राहवेना. तो उठला. बाकावर नाही चढला, नुसता उभा राहिला.

"ती तिची नव्हती," तो म्हणाला. "मी केलेली होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत मी. तिने हातही लावला नाही."

ओटमारला वाटलं आता कोणीतरी शिव्या देईल, कोणीतरी हसेल. कोणीच काही केलं नाही. बुर्कहार्ड मगात बघायला लागला. शोर्शने खाकरून घेतलं.

"ओटमार," तो म्हणाला, "ते सगळ्यांना त्याच दिवशी कळलं होतं."

"तू सांगितलंस!"

"मी कशाला सांगू? नडगी आठवडाभर काळी होती माझी. अरे, इतकी वर्षं पितोय आम्ही तिच्या हातची. हात मोडला म्हणून ती अशी बिअर करील होय? आणि संध्याकाळी तुझ्या कोटाला हॉप्सचा वास यायचा. माझी बायको म्हणाली, धुराड्यात हॉप्स कुठून आले?"

"मग बोलला का नाहीत कोणी?"

यावर बुर्कहार्ड म्हणाला, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, "रोसल स्वतःची म्हणाली ना. मग तिचीच."

ओटमार खाली बसला. म्हणजे त्याची लाज झाकायला सगळं गाव दोन महिने तोंड शिवून बसलं होतं, आणि तेही त्याच्यासाठी नव्हे. तिने शब्द टाकला म्हणून. पोटातला तो जुना विस्तव पुन्हा भडकला. पण या वेळी त्याच्यावर घालायला लाकूडच सापडेना. त्याने आजूबाजूला शोधलं. बाबा? तिचं नशीब? कागद? काहीच हाताला लागलं नाही.

रोसलने त्याच्यासमोर बारा महिन्यांची ताकद म्हणून भरलेला मग आणून ठेवला आणि त्याच्या खांद्यावर हाताच्या मागच्या बाजूने एक चापटी मारली, लहानपणी मारायची तशी. "पी. छपरावर चढायचंय तुला."

घरी जाताना पुलावर बर्फ भुरभुरत होता. हेडविगने त्याचा हात धरला होता, कारण ताकद दोघांनीही जरा जास्तच पिऊन घेतली होती.

"आता बरं वाटतंय?" तिने विचारलं.

"नाही," ओटमार म्हणाला.

पूल संपत आला तेव्हा तो म्हणाला, "थोडं."